नवं व्हर्जन आलंय... घेऊ का?

व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचं अपग्रेड हा आता फक्त स्टुडिओवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या त्या छोट्याशा खिडकीला ‘हो’ म्हणायचं की ‘नंतर बघू’?

तुमच्यापैकी किती जणांच्या लॅपटॉपवर या क्षणी एखादं अर्धवट एडिट पडलेलं आहे? हात वर करा! कुणाचा लडाखच्या बाइक ट्रिपचा व्हिडिओ, कुणाची भाचीच्या बारशाची फिल्म, कुणाचा एकांकिकेचा ट्रेलर, तर कुणाची ऑफिसच्या ॲन्युअल डेची क्लिप... ‘तू जरा क्रिएटिव्ह आहेस ना, तूच कर’ असं म्हणत एचआरनं गळ्यात मारलेली!

एक काळ असा होता, की एडिटिंग म्हणजे गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्या दादांचं काम. लग्न लागलं की कॅसेट त्यांच्याकडे जायची आणि दोन-तीन महिन्यांनी बदामाच्या आकारातून नवरा-नवरी बाहेर येणारी सीडी घरी यायची. मग २००० साली विंडोज एमईबरोबर ‘मूव्ही मेकर’ आला, हॅण्डीकॅमवाल्या हौशी मंडळींच्या हातात ‘पिनॅकल स्टुडिओ’ आला आणि दादांची मक्तेदारी संपली. तो मूव्ही मेकर जानेवारी २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टनं बंदही केला. पण तोवर आपल्या सगळ्यांना कापाकापीची चटक लागली होती.

आणि चटक लागली की पाठोपाठ ती खिडकी येतेच. ‘नवं व्हर्जन उपलब्ध आहे. आता इन्स्टॉल करायचं?’

मी दिवसा हिंजवडीत एका कंपनीत ट्रेनिंगचे आणि टाउनहॉलचे व्हिडिओ कापतो आणि रात्री स्वतःचे. त्यामुळे चहाच्या टपरीवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, ‘अरे, अपग्रेड मारू का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. ‘नवं कसं आहे ते मरू दे. तुझ्या हातात सध्या काम काय आहे, ते सांग.’

समोरचा जरा वैतागतो. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकायचं असतं. पण बॉस, सगळा फंडा इथेच आहे!

‘पॅरासाइट’वाले काय वेडे होते?

२०२०च्या ऑस्करमध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन सिनेमानं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पटकावला. इंग्रजीत नसलेल्या सिनेमाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याचे संकलक यांग जिन-मो यांनाही संकलनाचं नामांकन होतं. आता गंमत ऐका. हा सिनेमा त्यांनी कापला ‘फायनल कट प्रो ७’वर. म्हणजे २००९ साली आलेल्या आणि ॲपलनं २०११पासून पुढे वाढवायचं सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरवर!

आपण मात्र तीन महिन्यांपूर्वीचं व्हर्जन मशीनवर असेल तर अस्वस्थ होतो. जणू काही त्यामुळेच आपला गोवा ट्रिपचा व्हिडिओ ऑस्करला जायचा राहिलाय.

या गोष्टीवरून ‘जुनं ते सोनं’ म्हणत सुटायचं कारण नाही. कारण उलटं उदाहरणही तयार आहे. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांचे ‘द सोशल नेटवर्क’ आणि ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ हे सिनेमे याच फायनल कट प्रो ७वर कापले गेले आणि दोन्हींना लागोपाठ संकलनाचं ऑस्कर मिळालं. अशा हमखास जमलेल्या सॉफ्टवेअरला कोण सोडेल? पण २०१४चा ‘गॉन गर्ल’ त्यांच्या टीमनं ॲडोबी प्रीमियर प्रोवर कापला. दुकान बदललं, पण एक सिनेमा संपल्यावर आणि दुसरा सुरू होताना.

म्हणजे एकानं बदललं नाही, दुसऱ्यानं बदललं आणि दोघांचंही बरोबर. कारण दोघांनीही व्हर्जनचा नंबर बघून ठरवलं नाही. स्वतःच्या कामाकडे बघून ठरवलं.

२०११चा तो जून महिना

अपग्रेडच्या इतिहासात एक तारीख एडिटर लोक अजून विसरलेले नाहीत. २१ जून २०११. त्या दिवशी ॲपलनं ‘फायनल कट प्रो एक्स’ बाजारात आणलं. किंमत २९९.९९ डॉलर. पूर्वीच्या अख्ख्या ‘फायनल कट स्टुडिओ’च्या मानानं खूपच स्वस्त. आतून सगळं नव्यानं लिहिलेलं, ६४ बिटचं. जुनं ३२ बिटचं होतं, त्यामुळे मशीनमध्ये कितीही रॅम ठोसली तरी त्यातली ४ जीबीच्या पलीकडची त्याला वापरताच यायची नाही. नव्यात हे बंधन गेलं, रेंडर मागच्या मागे व्हायला लागलं, टाइमलाइन क्लिप्सना आपोआप एकमेकींना चिकटवायला लागली. कागदावर सगळं भन्नाट!

आणि मग लोकांनी आपले जुने प्रोजेक्ट उघडायला घेतले. उघडेनात. फायनल कट प्रो ७चा प्रोजेक्ट या नव्या भावंडाला वाचताच येत नव्हता. दोन-तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र कापायची मल्टिकॅमची सोय गायब. साउंडवाल्याकडे आणि कलरवाल्याकडे काम पाठवायला लागणाऱ्या फाइली बाहेर काढायची सोय गायब. वर कडी म्हणजे त्याच दिवशी ॲपलनं जुनं सॉफ्टवेअर विकायचंही थांबवलं. अमेरिकेत कोनन ओब्रायनच्या टीव्ही शोच्या एडिटर मंडळींनी तर यावर चक्क एक विडंबनाची फिल्म बनवली आणि ती शोमध्ये दाखवली गेली.

ॲपलनं काही जणांचे पैसे परत केले, काही महिन्यांनी जुन्याची विक्री पुन्हा सुरू केली. सप्टेंबर २०११मध्ये फाइली देण्या-घेण्याची एक सोय आली, जानेवारी २०१२मध्ये मल्टिकॅम परत आला. पुढे फायनल कट प्रो एक्स खरोखरच चांगलं झालं. त्यावर हॉलीवूडचे सिनेमेही कापले गेले आणि ज्यांनी २०११मध्ये पैसे मोजले त्यांना पुढची कित्येक वर्षं अपडेट फुकट मिळत राहिले.

मग चुकलं कुणाचं? सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. पहिल्याच दिवशी, हातातलं काम अर्धवट असताना त्यावर उडी मारणाऱ्यांची वाट लागली. ज्यांनी सात-आठ महिने कळ काढली, त्यांना तेच सॉफ्टवेअर बऱ्यापैकी धडधाकट अवस्थेत मिळालं.

वारीला निघताना कुणी नवी कोरी चप्पल घालतं का? चप्पल भारीतलीच असते हो, पण ती आधी आठवडाभर घरातून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालवून बघावी लागते.

विकत, भाड्यानं की फुकट?

पूर्वी अपग्रेड म्हणजे सरळ हिशेब होता. नवं पॅकेट आलं, आवडलं तर पैसे मोजा, नाही आवडलं तर जुनं आहेच. मे २०१३मध्ये ॲडोबीनं हा हिशेबच बदलला. ‘सीएस ६’ हे विकत मिळणारं शेवटचं, यापुढे फक्त ‘क्रिएटिव्ह क्लाउड’, म्हणजे महिन्याचं भाडं. तेव्हा अमेरिकेत एकट्या सॉफ्टवेअरचा दर होता महिना १९.९९ डॉलर, वार्षिक बोलीवर. वर्षाचे जवळपास २४० डॉलर.

भाड्याच्या घराचे फायदे आपल्या पिढीला सांगायला नकोत. डिपॉझिट कमी, नळ गळला तर मालक बघतो, आवडलं नाही तर सोडता येतं. तोटाही माहीत आहे. भाडं थकलं की कुलूप! इथे तर आपलंच सामान आत राहतं. प्रोजेक्टच्या फाइली आपल्या डिस्कवर असतात, पण त्या उघडायची किल्ली दुसऱ्याकडे. शिवाय किती जुन्या व्हर्जनवर राहायचं हेही मालक ठरवतो. मे २०१९मध्ये ॲडोबीनं ग्राहकांना कळवलं होतं, की क्रिएटिव्ह क्लाउडची काही जुनी व्हर्जन्स वापरायचा परवाना आता तुमच्याकडे नाही. म्हणजे ‘मला काही नवं नको, मी आहे तिथे सुखी आहे’ हे म्हणायचीही एक मुदत असते.

दुसरीकडे ‘डाविंची रिझॉल्व्ह’. मुळात हे सिनेमाचे रंग ठीकठाक करायचं, बड्या स्टुडिओंमधलं महागडं यंत्र. २००९ साली ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०११मध्ये त्याची फुकट आवृत्ती काढली. हळूहळू त्यात एडिटिंग आलं, २०१७मध्ये साउंडचं अख्खं दालन आलं, २०१८मध्ये इफेक्ट्सचं. फुकटच्या आवृत्तीत साध्या ४केपर्यंत व्हिडिओ बाहेर काढता येतो. तुमच्या-आमच्या बारशांना आणि ट्रिपांना ते पुरून उरतं. पैसे देऊन घ्यायची ‘स्टुडिओ’ आवृत्ती कित्येक वर्षं २९५ डॉलरला मिळत आली आणि आतापर्यंत तिचे पुढचे अपग्रेड फुकट आले आहेत.

यामुळे एक गोष्ट छान झाली. कुणीतरी पेनड्राइव्हवरून दिलेलं ‘क्रॅक’ टाकायचं शेवटचं निमित्तही गेलं. क्रॅकवर अपडेट येत नाहीत, त्याच्याबरोबर व्हायरस मात्र हमखास येतो. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ते सापडलं, तर अप्रेझलचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मात्र ‘फुकट’ या शब्दानं हुरळून जाऊ नका. नवं सॉफ्टवेअर शिकायला लागणाऱ्या तुमच्या रात्री फुकट नसतात. आणि सॉफ्टवेअर जसजसं नवं, तसतशी त्याची भूक मोठी. ते म्हणतं ग्राफिक्स कार्ड बदला, मग म्हणतं विंडोज ११ टाका. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाच. विंडोज ११ म्हणतं, तुमचा प्रोसेसर माझ्या यादीत नाही. झालं! फुकट सॉफ्टवेअरच्या नादात तुम्ही नव्या लॅपटॉपच्या ईएमआयपर्यंत पोचलेले असता.

जाता येतं, परत येता येत नाही

अपग्रेडमधला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा हा. हा रस्ता बहुतेक वेळा एकेरी असतो.

नव्या प्रीमियरमध्ये जुना प्रोजेक्ट उघडतो. तो आधी ‘कन्व्हर्ट करावा लागेल’ म्हणतो आणि नव्या नावानं सेव्ह होतो. इथवर ठीक. पण नव्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या व्हर्जनमध्ये सरळ उघडत नाही. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये राहतात. मोठ्या अपग्रेडच्या वेळी हा डेटाबेस नव्या साच्यात घालावा लागला आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, की जुन्या व्हर्जनला तो परका होतो. म्हणून आधी त्याचा बॅकअप घ्यायचा, हा तिथला पहिला नियम.

एकटे काम करत असाल तर चालून जातं. पण तुम्ही रफ कट करताय, तुमची मैत्रीण ठाण्यात बसून साउंड करतीय आणि तिसरा मित्र रंग बघतोय, असं असेल तर तुमचा एक क्लिक तिघांचं अपग्रेड असतो. आमच्या एका ग्रुपमध्ये तर आता नियमच आहे. प्रोजेक्ट सुरू होताना सगळ्यांनी आपापल्या व्हर्जनचा नंबर लिहायचा आणि काम संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. ज्याला फारच खाज असेल त्यानं दुसऱ्या मशीनवर खाजवावं!

शिवाय नवं व्हर्जन काही गोष्टी काढूनही घेतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०१८च्या अपडेटमध्ये ॲडोबीनं क्विकटाइम ७च्या जमान्यातल्या जुन्या फॉरमॅट्सचा सपोर्ट काढला. ॲपलच्या २०१९च्या ‘कॅटालिना’पासून ३२ बिटचं कुठलंही सॉफ्टवेअर मॅकवर चालेनासं झालं. नव्या फीचर्सची यादी ठळक अक्षरात येते. काय गेलं, ते मात्र आपणच शोधून काढायचं असतं.

आजीचे हजार चंद्र

आता आमच्या घरचं उदाहरण सांगतो, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं ठरवायचं ते कळेल.

गेल्या वर्षी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं कौतुक, म्हणजे ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास. सगळे नातेवाईक जमणार, दिव्यांनी औक्षण होणार. आत्यानं फर्मान काढलं, ‘तू रोज त्या कंपनीचे व्हिडिओ करतोस ना, आता आईवर एक कर.’ मी आणि माझी चुलत बहीण कामाला लागलो.

मुख्य ऐवज होता तीन मिनी-डीव्ही कॅसेटा. २००६ साली काकांनी हॅण्डीकॅमवर घेतलेल्या. तासाभराची एक कॅसेट म्हणजे साधारण १३ जीबी. त्यातल्या एकीवर आजोबा ओसरीवर बसून आपलं लग्न कसं ठरलं ते सांगताहेत आणि आजी आतून त्यांच्या चुका दुरुस्त करतीय. आजोबा जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांचा बोलतानाचा आवाज आमच्याकडे तेवढाच.

पण त्या आवाजावर डोक्यावरच्या पंख्याची घरघर! मी एक छोटंसं नॉइज रिडक्शनचं प्लगइन वापरून, चार रात्री घालवून ती घरघर काढली. आजोबा स्वच्छ ऐकू यायला लागले. बहिणीनं हेडफोन लावला आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही.

कार्यक्रमाला पाच आठवडे उरले असताना दोन अडचणी एकदम आल्या.

पहिली अडचण, परदेशातल्या दादानं फोनवर शूट करून पाठवलेल्या शुभेच्छा. नवे फोन व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या फॉरमॅटमध्ये साठवतात. त्यात फाइल लहान होते. आयफोनमध्ये २०१७पासून ही सोय आहे. आमचं सॉफ्टवेअर जुनं होतं. नाव राहू द्या. आवाज यायचा, चित्राच्या जागी काळोख.

दुसरी अडचण टायटलची. ‘सहस्रचंद्रदर्शन’ हा शब्द एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून बघा एकदा! ‘स्र’ फुटून ‘स्’ आणि ‘र’ असा वेगळा झाला, ‘र्श’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. ज्यांनी मराठी टायटल्स केलीत त्यांना हे दुखणं ठाऊक आहे. जोडाक्षरं नीट जुळवायला सॉफ्टवेअरच्या आत वेगळं इंजिन लागतं, आणि ते जुन्या टायटलरमध्ये नसायचं. म्हणून तर वर्षानुवर्षं आपले स्टुडिओवाले श्रीलिपीसारख्या फॉण्टवर काम चालवत आले.

नव्या व्हर्जनमध्ये दोन्ही गोष्टी चालणार होत्या. फोनचे व्हिडिओ सरळ उघडणार, युनिकोड मराठी नीट दिसणार. बहीण म्हणाली, ‘दादा, मग घेऊन टाक ना. प्रश्नच मिटला.’

मी आधी प्लगइनवाल्यांची माहिती काढली. ते प्लगइन नव्या व्हर्जनवर चालत नव्हतं. म्हणजे अपग्रेड केलं तर दादाचा चेहरा येणार, शब्द सरळ होणार... आणि आजोबांच्या डोक्यावरचा पंखा पुन्हा सुरू होणार.

आता बोला!

माझा एक मित्र व्यावसायिक संकलक आहे. त्याला फोन केला. त्यानं फीचर्सचं काही विचारलंच नाही. ‘कार्यक्रम कधी आहे? काम किती झालंय?’ म्हटलं, पाच आठवडे, आणि पाऊण झालंय. ‘मग विषय संपला. जुन्यावरच पूर्ण कर. अडतंय तेवढंच बाहेरून करून आण.’

तसंच केलं. दादाच्या क्लिप्स ‘हॅण्डब्रेक’ या फुकट सॉफ्टवेअरमधून आमच्या मशीनला समजेल अशा एच.२६४मध्ये बदलून घेतल्या. फोन सेकंदाला साधारण ३० फ्रेम घेतो, कॅसेटा २५च्या होत्या, म्हणून बदलतानाच सगळं पक्क्या २५वर आणलं. एक संध्याकाळ गेली. टायटल्स फोटो एडिटरमध्ये युनिकोड मराठीत करून, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी चित्रं म्हणून टाइमलाइनवर ठेवली. दुसरी संध्याकाळ. शब्द न फुटता उमटला.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम मित्रानं तिसरं सांगितलं. ‘आजोबांचा साफ केलेला आवाज आत्ताच्या आत्ता वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून बाहेर काढ. प्लगइन उद्या राहील न राहील. ती फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वाजेल.’

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला अख्खा प्रश्नच बदलला. तोवर मी ‘जुनं की नवं’ यात अडकलो होतो. खरा प्रश्न होता, आजोबांचा आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरच्या मर्जीवर राहू नये यासाठी काय करायचं. तो आवाज बाहेर काढून दोन डिस्कवर ठेवला आणि अपग्रेडचं भूत मानेवरून उतरलं. आता करा नाहीतर करू नका, गमवायचं काही शिल्लक नव्हतं.

बावीस मिनिटांची फिल्म वेळेवर झाली. लग्न ठरल्याच्या गोष्टीपाशी आजीनं पडद्याकडे बघून पुन्हा एकदा आजोबांना दुरुस्त केलं, आणि हॉल हसला.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी मी अपग्रेड केलं. हो, केलंच! कारण मराठी टायटल्स मला दर महिन्याला लागतात आणि फोनवरचं फुटेज तर रोजचं झालंय. प्रत्येक शब्दासाठी चित्र बनवत बसणं एका फिल्मपुरतं ठीक, आयुष्यभरासाठी नाही.

मग ‘हो’ कधी म्हणायचं?

माझ्या मते अपग्रेडला ‘हो’ म्हणायची सबळ कारणं मोजकीच आहेत. तुमच्याकडे येणारं फुटेज जुनं व्हर्जन वाचतच नाही आणि हे वारंवार होतंय. ज्यांच्याबरोबर काम करता ते सगळे पुढे गेलेत. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जुनं चालतं तिचा सपोर्ट संपलाय. किंवा एखादी सोय अशी आहे, की ती तुमचे दर आठवड्याचे दोन-तीन तास खरोखर वाचवेल.

या शेवटच्या कारणाशी प्रामाणिक राहा. प्रीमियरमध्ये जुलै २०२१ला बोलण्याचं आपोआप लिखाण करून सबटायटल्स देणारी सोय आली तेव्हा आमच्या ऑफिसात जाम उत्साह होता. सुरुवातीच्या भाषांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. ज्या मित्राचं सगळं काम मराठीत, त्याला त्या यादीचा तेव्हा काय उपयोग? नवी सोय कितीही सही असो, ती तुमच्या टाइमलाइनवर उतरणार आहे का, एवढंच बघायचं.

आणि ‘सगळे घेताहेत’, ‘आयकॉन मस्त आहे’, ‘यूट्यूबवर तो म्हणाला’ ही कारणं नव्हेत. तो शुक्रवार रात्रीचा टाइमपास आहे. टाइमपास करायला हरकत नाही, फक्त तो सोमवारी डिलिव्हरी असलेल्या मशीनवर करू नये.

चौकट : ‘इन्स्टॉल’वर क्लिक करण्याआधी

* हातातलं काम संपवा. दोन प्रोजेक्टच्या मधली फट हाच अपग्रेडचा मुहूर्त. लग्नसराईत शूटिंगवाल्यांनी तर अजिबात नाही.
* नंबर बघा. टिंबाच्या पुढचा आकडा बदलला असेल तर सहसा दुरुस्त्या असतात. टिंबाच्या आधीचा बदलला तर मोठा बदल. त्या मोठ्या व्हर्जनच्या एक-दोन दुरुस्त्या येऊ द्या, मग घ्या.
* जुनं काढू नका. इन्स्टॉल करताना ‘आधीचं व्हर्जन काढून टाका’ अशी खूण असेल तर ती काढा. आपोआप अपडेट बंद ठेवा. दोन्ही व्हर्जन्स शेजारीशेजारी राहू शकत असतील तर काही आठवडे राहू द्या.
* प्रोजेक्टची कॉपी उघडा. मूळ फाइल नव्या व्हर्जनमध्ये कधीच उघडू नका. रिझॉल्व्हवाल्यांनी आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा.
* प्लगइन्सची यादी करा. प्रत्येक प्लगइन, फॉण्ट आणि टेम्प्लेट नव्यावर चालतं का, ते आधी तपासा.
* पक्का माल बाहेर काढा. संपलेल्या फिल्मची चांगल्या प्रतीची मास्टर फाइल, साफ केलेला आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये, टायटल्स चित्रांच्या रूपात. दोन वेगळ्या डिस्कवर.
* पूर्ण हिशेब मांडा. सॉफ्टवेअर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि शिकण्यात जाणाऱ्या तुमच्या रात्री. बेरीज झाल्यावरही ‘हो’ वाटत असेल, तर बिनधास्त क्लिक करा.
* आणि घरात जुन्या कॅसेटा असतील तर... अपग्रेड राहू द्या बाजूला, आधी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नवं व्हर्जन पुढच्या वर्षी पुन्हा येईल. कॅसेटला बुरशी लागली, तर तिचं नवं व्हर्जन येत नाही.